कंपनीने चोरी केली, मग बेडी कुणाला?

जानेवारी २०२२. अंधेरीच्या एमआयडीसी पोलीस ठाण्यात एक एफआयआर नोंदवला गेला. तक्रार होती चित्रपट दिग्दर्शक सुनील दर्शन यांची. त्यांचा 'एक हसीना थी एक दीवाना था' हा २०१७ चा सिनेमा लोकांनी परवानगीशिवाय यूट्यूबवर चढवला आणि कंपनीने तो चढू दिला, असा आरोप. कोर्टाच्या आदेशावरून नोंदवलेल्या या एफआयआरमध्ये गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांचं नाव होतं, सोबत आणखी काही अधिकाऱ्यांची. नेमका त्याच सुमारास पिचाईंना पद्मभूषण जाहीर झाला. त्यामुळे दोन-चार दिवस सोशल मीडियावर विनोदांचा पाऊस पडला. कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाने अंधेरीत काय चोरलं, असा एकूण सूर.

त्या प्रकरणात कोण बरोबर, कोण चूक, यात मी शिरत नाही. एफआयआरमध्ये नाव येणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. पण त्या विनोदांच्या मागे जो प्रश्न आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाणं, सिनेमा, पुस्तक, फोटो, सॉफ्टवेअर, काहीही कंपनीच्या नावाने ढापलं गेलं, तर जबाबदार कोण? फक्त कंपनी? की ती चालवणारी माणसंही? आणि 'चालवणारी' म्हणजे नेमकी कुठली?

या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असायला हवा असं मला वाटतं, कारण आपल्याकडे अक्षरशः घराघरात 'संचालक' आहेत. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात. मग दुसरी सही कुणाची? बायकोची, आईची, मेहुण्याची. 'फक्त सही कर गं, बाकी मी बघतो.' या एका वाक्यावर किती कंपन्या उभ्या आहेत ते कुठल्याही सीएला विचारा.

बुटांच्या कारखान्यापासून सुरुवात

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॉलोमन नावाचे एक गृहस्थ चामड्याचे बूट बनवत. धंदा अनेक वर्षांचा, चांगला चाललेला. १८९२ मध्ये त्यांनी त्याची लिमिटेड कंपनी केली. कायद्याला सात भागधारक हवे होते, ते घरातच सापडले: स्वतः, बायको, एक मुलगी आणि चार मुलगे. सॉलोमन यांच्याकडे वीस हजारांवर शेअर, बाकी सहा जणांकडे प्रत्येकी एक. पुढे संप झाले, सरकारी कंत्राटं विखुरली, आणि वर्षभरात कंपनी बुडाली. देणेकरी म्हणाले, ही कसली कंपनी, हा तर सॉलोमनच आहे कोट घालून! खालच्या दोन्ही कोर्टांना ते पटलं. हाउस ऑफ लॉर्ड्सला पटलं नाही. नोव्हेंबर १८९६ मध्ये निकाल लागला: कंपनी कायद्याप्रमाणे नोंदली गेली की ती वेगळी व्यक्ती. तिचं कर्ज हे तिचं कर्ज, सॉलोमनचं नाही.

जगभरचा कंपनी कायदा आजही या निकालावर उभा आहे. आपला सुद्धा.

पण हा निकाल काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही, हे नीट बघायला हवं. तो म्हणतो की कंपनीची देणी भागधारकाच्या घरावर येणार नाहीत. ज्याने पैसे घातले त्याचे फार तर घातलेले पैसे बुडतील. ही सोय नसती तर रेल्वे, गिरण्या, जहाजं यात सामान्य माणसाने कधी पैसा घातलाच नसता. मात्र स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीला कंपनी हे उत्तर आहे, असं हा निकाल कुठेही म्हणत नाही. कंपनीचा ट्रक चालवताना ड्रायव्हरने माणसाला उडवलं तर 'ट्रक कंपनीचा होता' म्हणून ड्रायव्हर सुटत नाही. मग संचालक का सुटावा?

१९२१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे रेनहॅम केमिकल वर्क्सचा खटला आला. पहिल्या महायुद्धात स्फोटकांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात भीषण स्फोट झाला होता आणि शेजारच्यांचं मोठं नुकसान झालं होतं. त्या निकालात लॉर्ड बकमास्टर यांनी एक तत्त्व मांडलं. कंपनी चुकीचं काम करण्यासाठीच काढली असेल, किंवा सूत्रं हाती असलेल्यांनी चुकीचं काम करण्याचा थेट हुकूम दिला असेल, तर कंपनीसोबत ती माणसंही जबाबदार. मात्र नुसतं संचालक असणं पुरेसं नाही.

नाटकगृहातला बँड

आता कॉपीराइटकडे येऊ. संगीतकारांच्या वतीने वाजवण्याची फी गोळा करणारी परफॉर्मिंग राइट सोसायटी ब्रिटनमध्ये १९१४ ला स्थापन झाली. नाटकगृहं, हॉटेलं, नाचाचे हॉल, जिथे बँड वाजे तिथे सोसायटीची माणसं पोचत. आपल्याकडे आज हॉटेलवाले आणि मंगल कार्यालयवाले ज्या परवान्यांवरून कुरकुरतात, त्याचा हा पूर्वज.

या सोसायटीने लंडनमधलं एक नाटकगृह भाड्याने चालवणाऱ्या सिरिल थिएट्रिकल सिंडिकेट या कंपनीवर दावा लावला, आणि सोबत तिच्या व्यवस्थापकीय संचालकावरही. बँडने सोसायटीच्या ताब्यातल्या रचना परवान्याशिवाय वाजवल्या होत्या. बँडला काम देणारा संचालकच. पण ज्या वेळी त्या रचना वाजल्या त्या वेळी तो तिथे नव्हता, आणि काय वाजतंय हे त्याला माहीत नव्हतं. १९२४ च्या निकालसंग्रहात छापलेल्या या निकालात अपील कोर्टाने संचालकाला मोकळं केलं. लॉर्ड जस्टिस ॲटकिन यांनी दिलेली कसोटी सोपी होती: संचालकाने ते कृत्य करण्याचा हुकूम दिला का, किंवा ते घडवून आणलं का? उत्तर 'नाही' असेल तर नोकरांच्या चुकीसाठी संचालक व्यक्तिशः बांधील नाही.

म्हणजे प्रश्न खुर्चीचा नाही, हाताचा. तू कुठल्या पदावर होतास हे नंतर. तू काय केलंस ते सांग.

या खटल्यात ज्या ब्रिटिश कायद्याचा कीस काढला गेला तो १९११ चा. तोच थोड्या फेरफारांनी १९१४ मध्ये हिंदुस्थानात लागू झाला. नफ्यासाठी जागा वापरू देणाऱ्याचीही जबाबदारी, ही त्यातली तरतूद आपल्या १९५७ च्या कायद्याच्या ५१व्या कलमात आजही नांदते आहे. मंगल कार्यालयाच्या मालकाचं 'वाजवलं डीजेने, मला काय त्याचं' हे उत्तर नेहमी चालत नाही, ते या कलमामुळे.

हात होता, पण माहीत नव्हतं. मग?

बँडचा निकाल सोपा होता, कारण संचालकाचा हात नव्हताच. पण हात असेल आणि आपण करतोय ते बेकायदा आहे हे ठाऊक नसेल तर?

१९८५ मध्ये सी. इव्हान्स अँड सन्स विरुद्ध स्प्राइटब्रँड या कॉपीराइटच्या खटल्यात हाच मुद्दा आला. संचालकाचं म्हणणं असं की, हे कृत्य बेकायदा आहे हे मला माहीत होतं असा आरोपच नाही, मग मला दाव्यातून वगळा. अपील कोर्टाने नकार दिला. कॉपीराइटभंगासाठी कंपनीला जाणीव असण्याची गरज नसेल, तर ते कृत्य घडवून आणणाऱ्या संचालकालाही अज्ञानाची ढाल आपोआप मिळणार नाही.

मग २००१ मध्ये एमसीए रेकॉर्ड्स विरुद्ध चार्ली रेकॉर्ड्स. शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सचा खजिना, म्हणजे मडी वॉटर्स, चक बेरी यांच्यासारख्यांच्या ध्वनिमुद्रिका, त्यावर हक्क कुणाचा हा वाद. हक्क नसताना त्या विकणाऱ्या कंपनीची सूत्रं ज्याच्या हातात होती, तो माणूस व्यक्तिशः जबाबदार ठरला. अपील कोर्टाने तेव्हा एक उपयोगी रेघ ओढली. संचालक मंडळाच्या सभेत बसून मत देणं, एवढंच कुणी केलं असेल तर तो सहसा सुटतो. त्यापलीकडे जाऊन ते कृत्य घडवून आणण्यात त्याने भाग घेतला असेल, तर केवळ संचालक आहे म्हणून त्याला सूट नाही.

अमेरिकेत तर हे आकड्यांत दिसलं. कॉलेजात असताना लाइमवायर कुणी कुणी वापरलं, हात वर करा! त्या सॉफ्टवेअरमागच्या कंपनीवर रेकॉर्ड कंपन्यांनी २००६ मध्ये दावा लावला, आणि कंपनीचे प्रमुख मार्क गॉर्टन यांच्यावरही. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने गॉर्टन यांनाही व्यक्तिशः जबाबदार धरलं, कारण धोरणाचे निर्णय त्यांचे होते आणि फायदाही त्यांना झाला होता. वर्षभराने १० कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

इथपर्यंत गाडी एकाच दिशेने जात होती: संचालकाभोवतीचा पडदा पातळ होत होता. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रेक मारला. खटला लाइफस्टाइल इक्विटीज विरुद्ध अहमद. विषय कॉपीराइट नव्हे, ट्रेडमार्क. पण तत्त्व दोन्हीकडे लागू पडणारं. 'बेव्हर्ली हिल्स पोलो क्लब' या कपड्यांच्या ब्रँडच्या मालकांची तक्रार होती की 'सांता मोनिका पोलो क्लब'चं चिन्ह त्याच्याशी फारच मिळतंजुळतं आहे. कंपनीकडून ट्रेडमार्कचा भंग झाल्याचं सिद्ध झालं. पण वसूल कुठून करणार, कंपनी तोवर डबघाईला आली होती. म्हणून दावा तिच्या दोन संचालकांवर, ते दोघं बहीण-भाऊ.

लॉर्ड लेगॅट यांनी निकालपत्रात म्हटलं ते थोडक्यात असं: कंपनीची जबाबदारी कडक आहे, तिला जाणीव असो-नसो. पण दुसऱ्याकडून चूक घडवून आणणाऱ्याला, म्हणजे साथीदाराला, जबाबदार धरायचं तर ज्या गोष्टींमुळे ते कृत्य चुकीचं ठरतं त्या त्याला माहीत असायला हव्यात. संचालकालाही हाच नियम, ना सवलत ना जादा शिक्षा. आणि नफा परत करायचा तर प्रत्येकाने आपापला. कंपनीला झालेला नफा संचालकाच्या खिशातून वसूल करता येणार नाही. बहीण-भाऊ सुटले.

म्हणजे बघा, नुसता हात असून भागत नाही, माहितीही हवी, हे म्हणायला १९८५ पासून जवळपास ४० वर्षं लागली.

आणि आपल्याकडे?

आता आपला कायदा. वर सांगितलेलं सगळं दिवाणी दाव्यांचं, म्हणजे पैसे आणि मनाई यांचं. दिवाणी बाजूला आपली कोर्टंही इंग्लंडच्या निकालांचा आधार घेतात. पण आपल्याकडे खरी धडकी भरते ती फौजदारी बाजूने. कॉपीराइट कायद्याचं ६३वं कलम: जाणूनबुजून भंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. या कडक शिक्षा १९८४ च्या दुरुस्तीने आल्या, व्हिडिओ कॅसेटच्या पायरसीने सिनेमावाले हैराण झाले होते त्या काळात. मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही.

कंपनीने हा गुन्हा केला तर? कंपनीला तुरुंगात घालता येत नाही. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कैद सक्तीची असली तरी कंपनीवर खटला चालेल, फक्त तिला दंडच होईल. मग कैद भोगायला हाडामांसाचा माणूस हवा. तो शोधायचं काम ६९वं कलम करतं.

या कलमाला दोन दारं आहेत. पहिलं: गुन्हा घडला त्या वेळी कंपनीच्या कारभाराचा ताबा आणि जबाबदारी ज्याच्याकडे होती तो दोषी मानला जाईल. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा गुन्हा टाळण्यासाठी शक्य ती सगळी खबरदारी घेतली होती, हे *त्याने* सिद्ध केलं तर सुटेल. दुसरं दार: संचालक, मॅनेजर, सेक्रेटरी किंवा कुणी अधिकारी यांची संमती, संगनमत किंवा हयगय दाखवता आली तर तेही दोषी.

हा साचा कॉपीराइटसाठी खास घडवलेला नाही. १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्यात तो आहे, पुढे चेक बाऊन्सच्या १४१व्या कलमात तोच आला. धान्याची साठेबाजी, न वटलेला चेक आणि उचललेलं गाणं, तिघांना एकाच मापाचा सदरा.

त्यातली विसंगती लक्षात घ्या. मूळ गुन्हा 'जाणूनबुजून' केलेला असावा लागतो. पण कारभार पाहणाऱ्याच्या बाबतीत जाणीव गृहीत धरली जाते, आणि 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करायचं ओझं त्याच्या डोक्यावर. इंग्लंडमधला प्रश्न 'तू काय केलंस' असा सुरू होतो, आपला 'तू कुठे बसला होतास' असा.

सर्वोच्च न्यायालयाने या साच्याला लगाम घातलाय, तो मात्र चेकच्या खटल्यांतून. २००५ च्या एसएमएस फार्मास्युटिकल्स निकालाने सांगितलं की केवळ संचालक आहे म्हणून आरोपी करता येणार नाही. गुन्ह्याच्या वेळी कारभार त्याच्या हाती होता हे तक्रारीत स्पष्ट लिहायला हवं. व्यवस्थापकीय संचालक मात्र पदामुळेच कक्षेत येतो. २०१५ च्या सुनील भारती मित्तल निकालाने म्हटलं की कायद्यात तशी तरतूद असल्याशिवाय कंपनीचा गुन्हा आपोआप माणसावर ढकलता येत नाही. शब्द तेच असल्याने हा तर्क ६९व्या कलमालाही लागतो. पण हे सगळं कोर्टात पोचल्यावर. पोलीस ठाण्यात मध्यरात्री एसएमएस फार्मास्युटिकल्स कोण वाचून दाखवणार?

दोन्ही बाजूंची माणसं

या वादात मला दोन माणसं दिसतात.

एक, ज्याचं काम चोरलं गेलं तो. फोटोग्राफर, गीतकार, गाइडवाल्यांनी ज्याची उत्तरं उचलली तो शिक्षक-लेखक. तो दावा लावतो, तारखा घालतो, आणि निकाल लागेपर्यंत समोरची कंपनी गुंडाळलेली असते. तीच माणसं, तेच ऑफिस, दारावर नवी पाटी. त्याला सॉलोमनची गोष्ट सांगून काय उपयोग? त्याच्यासाठी संचालकाची व्यक्तिगत जबाबदारी हा एकमेव खरा धाक आहे.

दुसरी, जिने स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन फॉर्मवर सही केली ती. कंपनीत बनावट सॉफ्टवेअर वापरलं जातं की अस्सल, जाहिरातीतलं गाणं विकत घेतलंय की ढापलंय, तिला पत्ता नाही. तिचं नाव एफआयआरमध्ये येतं, कारण तक्रारदाराचा वकील कंपनीच्या रेकॉर्डवरून सगळी नावं उतरवतो. निम्म्या वेळा हेतू एवढाच असतो की घरच्या बाईचं नाव आलं की समोरचा तडजोडीला लवकर येईल.

सगळ्या संचालकांना धरा, या भूमिकेने दुसरीवर अन्याय होतो. कुणालाच धरू नका, याने पहिल्यावर. म्हणून माझं मत असं की शंभर वर्षांच्या या प्रवासातून जी कसोटी तयार झाली तीच आपण फौजदारीतही आणावी: हात आणि माहिती. कुणी ठरवलं, कुणी करायला लावलं, आणि त्याला काय माहीत होतं, हे तक्रारीत प्रत्येक नावापुढे लिहिल्याशिवाय अटक नको. आणि मुद्दाम डोळे मिटून घेणाऱ्याला 'माहीत नव्हतं' म्हणायची मुभाही नको. न बघणं आणि न दिसणं यांत फरक आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर हातात असलेल्या गोष्टी:

१) तुमचं काम कुणी कंपनीने उचललं असेल तर नोटीस फक्त कंपनीला पाठवू नका. कारभार पाहणाऱ्या संचालकांना नावानिशी, पत्त्यावर पाठवा. नोटीस पोचल्यावर अज्ञानाचं दार बंद होतं. पुढच्या दिवसापासून जे होईल ते जाणूनबुजून.

२) तुम्ही नावापुरते संचालक असाल तर एकदा कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर आपलं नाव कुठल्या कुठल्या कंपन्यांत आहे ते बघा. राजीनामा दिला असेल तर त्याचा डीआयआर-१२ फॉर्म खरंच भरला गेलाय का ते तपासा. तुमच्या कार्यकाळातल्या गुन्ह्यांची जबाबदारी राजीनाम्याने पुसली जात नाही, पण पुढची तरी थांबते.

३) सभेत एखाद्या गोष्टीला विरोध केला असेल तर तो इतिवृत्तात लिहून घ्या. 'मी तेव्हा बोललो होतो' याला कोर्टात किंमत नाही. कागदाला आहे.

४) सॉफ्टवेअर, फोटो, संगीत यांचे परवाने आणि बिलं एका फाइलमध्ये ठेवा. ६९व्या कलमातली 'शक्य ती सगळी खबरदारी' म्हणजे शेवटी हीच फाइल.

आणि ज्यांच्या घरात उद्या कुणी 'फक्त एक सही हवीय' म्हणत कागद पुढे करणार आहे, त्यांना एवढंच सांगायचंय. सही करा किंवा करू नका, तुमची मर्जी. पण आधी विचारा, कंपनी नेमकं काय करते? उत्तर देणारा चिडला, तर तेही एक उत्तरच समजा.